पांढरा तळवा

माझ्या मावशीच्या नवऱ्याचं, म्हणजे धोंडूकाकांचं, एक ठाम मत होतं: जगातली निम्मी घोडी मालकाच्या दुर्लक्षानं बिघडतात आणि उरलेली निम्मी मालकाच्या वाचनानं. दुर्लक्षावर इलाज आहे, वाचनावर नाही, असं म्हणून ते तंबाखू मळायला घ्यायचे. काका नालबंद होते. हिंजवडीच्या पलीकडं, कंपन्यांच्या काचा संपून जिथं पुन्हा शेतं दिसायला लागत, तिथं आबा नावाच्या जमीनवाल्यांनी घोडेस्वारीचा क्लब काढला होता. आबांच्या जमिनीचा मोठा तुकडा इमारतींखाली गेला होता आणि उरलेल्या तुकड्यावर काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, कंप्युटरवाल्यांना घोड्यावर बसायची हौस असते. एवढ्या विचारावर तो क्लब उभा होता. अकरा घोडी, एक गोल रिंगण, पाण्याची टाकी, आणि पागेच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्या. त्या खोल्यांत काका, मावशी आणि मी.

मी परभणीकडची. आठवीत असताना शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, हे दोघांपैकी कुणीच नीट पाहिलं नाही. आमच्या घिसाडी घरात बायका घण मारतात. बाप सांडशीत लोखंड धरायचा आणि आई, नंतर मी, घण घालायचो. विळे, खुरपी, कुऱ्हाडी. मग बाजारात दुकानातले विळे आले, स्वस्त आणि गुळगुळीत, दोन दिवसांत बोथट होणारे. लोकांना ते आवडले. घरात आम्ही चौघी बहिणी, त्यामुळं मावशीनं ‘एक मला दे’ म्हटल्यावर आईनं मोठा विचार केला नाही. मी सतरा वर्षांची होते. निघायच्या आदल्या दिवशीच धाकटी माझ्या गोधडीवर पाय पसरून झोपली होती. परत आलीस तर जागा आहे, असं कुणी म्हणालं नाही. मला त्याचा राग आला नव्हता. भीती मात्र वाटली होती, आणि ती पुण्यापर्यंत माझ्याबरोबर बसून आली.

मावशीनं मला काय काय दिलं ते मी आजही सांगू शकते. नव्या चपला, एक पत्र्याची पेटी, आणि खोलीतल्या दिव्याचं बटण. आमच्या घरी बटण आईच्या ताब्यात असायचं. इथं ते माझ्या उशापाशी होतं, हवं तेव्हा खटकन दाबायचं. जेवायला ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी आणि आठवड्यातून चार दिवस हुलगे. घोड्यांनाही हुलगेच. एकाच पोत्यातून पहिलं माप पागेत जायचं आणि दुसरं चुलीवर. मावशी म्हणायची, “त्यांचं भिजवायचं, आपलं शिजवायचं, एवढाच फरक.” सकाळी साडेपाचला काकांची ऐरण वाजायला लागायची आणि सातला कंपन्यांच्या बसगाड्यांचे भोंगे. आत बसलेले लोक काचेला डोकं टेकून झोपलेले. एवढा पगार घेऊन माणसं इतकी दमलेली कशी, हा प्रश्न मला तेव्हा पडायचा. आता पडत नाही.

या सगळ्याची परतफेड म्हणून मी काम करायची. करायची म्हणजे थांबायचीच नाही. भांडी राखेनं घासायची, मग पुन्हा घासायची. अंगण झाडून झालं की पागा, पागा झाली की पुन्हा अंगण. मावशीच्या लोखंडी तव्यावर वर्षांची काळी साय बसली होती. मी पहिल्याच आठवड्यात तो विटेच्या तुकड्यानं घासून आरशासारखा केला. दुसऱ्या दिवशी एकही भाकरी सुटेना. मावशीनं तवाच माझ्या अंगावर उगारला. “बाई गं, तू कामाला आलीस का सूड घ्यायला?” मी रडले, आणि रडून झाल्यावर कढई घासायला घेतली. उपकाराखाली दबलेल्या माणसाला हात स्वस्थ ठेवता येत नाहीत. त्याला वाटतं, हात थांबला की लोकांच्या लक्षात येईल की आपण इथं फुकट राहतोय.

घणाची सवय होती म्हणून काका मला हाताखाली घ्यायला लागले. खूर मांडीवर कसा धरायचा, खिळ्याचं टोक बाहेर आलं की ते मोडून कसं बसवायचं, कानस कुठवर मारायची. काकांच्या कामाची एक खूण होती. खुराचा तळवा ते चाकूनं असा तासायचे की तो दुधासारखा पांढरा दिसायचा. मग अंगठ्यानं दाबून बघायचे. तळवा अंगठ्याखाली जरासा दबला की म्हणायचे, “झाला स्वच्छ.” त्यांच्या बापानं तसं शिकवलं होतं, त्याच्या बापानं त्याला. आजूबाजूचे क्लबवालेही पांढरा तळवा बघितला की ओळखायचे, धोंडूचं काम. नाल मारली की तळवा जमिनीला टेकतच नाही, त्यामुळं तो किती पातळ झालाय हे घोड्याशिवाय कुणाला कळायचं कारण नव्हतं, आणि घोड्याला विचारण्याची पद्धत आमच्याकडं नव्हती.

लिंबू ही काळी घोडी. मालकीण केतकी मॅडम. त्यांनी घोडीचं नाव ठेवलं होतं लिबर्टी. पागेत आल्यावर दोन दिवसांत तिची लिंबू झाली, आणि मॅडमनी कितीदा दुरुस्त केलं तरी राहिली. मॅडम एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होत्या. शनिवारी-रविवारी यायच्या, पाऊण तास बसायच्या आणि दीड तास फोटो काढायच्या. वाईट नव्हत्या. घोडीला कधी चाबूक लावला नाही. पण त्यांना दर सहा महिन्यांनी सत्य सापडायचं. एकदा सापडलं की गूळ वाईट, मग घोडीचा गूळ बंद. एकदा सापडलं की लगाम वाईट. श्रावणाच्या सुरुवातीला त्या आल्या त्या कागदांचा गठ्ठा घेऊन. नवीन सत्य होतं, नाल वाईट.

काका तेव्हा दुसऱ्या घोड्याचा मागचा पाय मांडीवर घेऊन बसले होते. मी कानस धरून उभी. आबा टाकीजवळ खुर्ची टाकून.

“काका, प्लीज गैरसमज करून घेऊ नका,” मॅडम म्हणाल्या, “पण लोखंड ठोकणं हे क्रौर्य आहे. हे सगळं सिद्ध झालंय. मला सांगा, निसर्गात घोड्याला कोण नाल मारतं?”

काकांनी पाय सोडला नाही. “निसर्गात त्याच्यावर बसतं कोण, मॅडम?”

“तसं नाही हो. खूर हा जिवंत असतो, त्यात रक्त खेळतं...”

“ते आम्हाला ठाऊक हाय. चुकीचा खिळा गेला की बाहेर येतं.”

आबा खोकले. “धोंडूशेठ, ऐकून तर घ्या. मॅडम आपल्या जुन्या गिऱ्हाईक हायेत.”

“ऐकतोय की. कानाला कुठं नाल मारलीय माझ्या?”

मॅडम गोऱ्यामोऱ्या झाल्या. कागद उलटसुलट करायला लागल्या. मला त्यांची दया आली का, की मला काहीतरी ठाऊक आहे हे दाखवायचा मोह झाला, आज सांगता येत नाही. मी बोलले एवढं खरं. “आमच्याकडं धनगरांची तट्टं बिननालाचीच चालतात. डोंगरानं. वर संसार लादलेला असतो.”

“एक्झॅक्टली!” मॅडम म्हणाल्या. “बघा, हिला कळतंय!”

त्या दोन शब्दांनी माझं जेवढं वाटोळं केलं तेवढं नापास होऊनही झालं नव्हतं. काकांनी घोड्याचा पाय हळूच खाली ठेवला. उठले, कंबर धरून सरळ झाले. माझ्याकडं न बघता आबांना म्हणाले, “हिला कळतंय म्हणत्यात मॅडम. मग हीच करील. मी नालबंद माणूस. नाल काढून ठेवायला मला कुणी बोलवत न्हाय. फकस्त एक सांगतो आबा, तुमच्यासमोर सांगतो. तुळशीच्या लग्नापतोर घोडी या खडीवरनं सरळ चालली तर ठीक. लंगडली तर हिचं बोचकं बांधून परभणीच्या गाडीत बसवून देणार. मग तिकडं धनगराच्या तट्टांना काय शिकवायचं ते शिकव म्हणावं.”

खडी म्हणजे फाटकापासून टाकीपर्यंतची वाट. पावसात गिऱ्हाइकांच्या गाड्या रुतायच्या म्हणून आबांनी तिच्यावर क्रशरची धारदार खडी ओतली होती. चपलेतूनही टोचायची.

रात्री मावशी भाकरी थापता थापता बोलत होती. “तोंड हाय का गिरण गं तुझं? पट्टा लावला की सुरू. गिऱ्हाइकापुढं त्यांना खाली बघायला लावलंस. वीस वर्षांत मी बोलले नाय तसं.” मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, “चुकलं म्हणून काय हुतंय? आता घोडी चालव.” काका भिंतीकडं तोंड करून जेवत होते.

नाला मी काढल्या. खिळ्यांची मोडलेली टोकं सरळ केली, पकड घालून एकेक नाल सैल करत उचलली. आठ-दहा वर्षांत लिंबूचा पाय उघड्या जमिनीला लागला नव्हता. चौथी नाल निघाल्यावर ती एक पाऊल पुढं टाकून थांबली आणि खाली बघायला लागली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. “फ्री,” त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच मला विचारलं, “त्या नाला... तुम्ही त्यांचं काय करता?”

काळ्या घोडीच्या, चालून झिजलेल्या नालेचं पुण्यात काय करतात हे मला मॅडमच्या आधी ठाऊक होतं. शनिवारी माणसं गाड्या घेऊन यायची त्यासाठी. दाराला ठोकायला. काका कुणाला देत, कुणाला हाकलत. मी चारही नाला कागदात गुंडाळून मॅडमना दिल्या.

“माझा नाही हं विश्वास,” त्या म्हणाल्या. “सासूबाईंचा आहे. विश्रांतवाडीच्या फ्लॅटला हवी होती. आणि ऑफिसात दोघांनी सांगून ठेवलंय.”

घोडीच्या पायात क्रौर्य असलेलं लोखंड फ्लॅटच्या चौकटीवर गेलं की मंगल होतं. काका खोलीतून हे ऐकत होते. महिन्याभरात पहिल्यांदा ते खळखळून हसल्याचा आवाज आला.

पुढचे दोन महिने मी आयुष्यात विसरणार नाही. लिंबू रिंगणातल्या मातीत बरी चालायची, पण खडीवर पाय पडला की निखाऱ्यावर पडल्यासारखा उचलायची. मान खाली-वर, कान मागं. टाकीपर्यंतची ऐंशी पावलं चालायला तिला चहा पिऊन व्हावा इतका वेळ लागे. बघायला सगळी पागा गोळा व्हायची आणि प्रत्येकाकडं औषध असायचं. कुणी म्हणे हळद-तेल, कुणी म्हणे चुन्याचं पाणी, कुणी म्हणे नजर. मॅडमनी परदेशातून घोडीसाठी रबरी बूट मागवले. पुढच्या दोन पायांचे. ते आले तेव्हा खोक्यात माहितीचं पुस्तक बुटांपेक्षा जाड होतं. दुसऱ्या दिवशी डावा बूट चिखलात रुतून बसला, घोडी निघून आली, आणि बूट आबांच्या एका कुत्र्यानं पळवला. मॅडमनी त्या कुत्र्याचाही फोटो काढला.

आणि मी? मी रोज सकाळी चाकू घेऊन बसायची. घोडीचा तळवा दोन-तीन दिवसांत पिवळट, खडबडीत दिसायला लागायचा, भेगा पडल्यासारखा, पापुद्रे सुटल्यासारखा. काकांच्या घरात असला तळवा म्हणजे न घासलेलं भांडं. मी तो तासून पांढरा करायची, कडा कानसीनं गोल करायची, तेल लावायची. जितकी ती लंगडायची तितकी मी जास्त तासायची. वाटायचं, कुठंतरी घाण राहिलीय, अजून स्वच्छ करू. एकदा काका जाता जाता थांबले. वाकून खूर पाहिला, अंगठ्यानं दाबला. तळवा दबला. “हात बसला तुझा,” म्हणाले आणि गेले. पुण्यात आल्यापासून त्यांनी माझं केलेलं ते पहिलं कौतुक. त्या दिवशी मी दुप्पट तासलं.

आता मी हेच काम करते, म्हणजे बिननालाचे खूर बघते. चाळिशी उलटलीय, कंबर काकांसारखी धरते. लोक मला लांबून बोलावतात, खडकवासल्याकडून, पार लोणावळ्याच्या बाजूनं, आणि नाल न मारण्याचे नालेपेक्षा जास्त पैसे देतात. माझ्या हातून निम्म्या वेळा काहीच काढण्यासारखं नसतं. मी खूर उचलते, बघते, खाली ठेवते. मालक म्हणतो, झालं? मग मला काहीतरी केल्यासारखं करावं लागतं, नाहीतर त्याला फसवल्यासारखं वाटतं. मी कानस दोनदा हवेतच फिरवते. पैसा असलेल्या माणसाला आपल्यासाठी काहीच केलं गेलं नाही हे सहन होत नाही. मला हसायचा अधिकार नाही म्हणा. सतरा-अठरा वर्षांची असताना मी त्याच जातीची होते.

मला शहाणपण दिलं ते मावशीनं, आणि तेही शिवी देत. नवरात्र बसलं होतं. तिचे उपास, त्यामुळं बोलणं नेहमीपेक्षा धारदार. मी सकाळी तासायला बसले होते आणि आबांची तिन्ही कुत्री माझ्यासमोर रांगेत. खुराचे काप कुत्र्यांना फार आवडतात. पडला काप की गट्ट. मावशी बादली घेऊन चालली होती. थांबली.

“ही कुत्री बघ कशी झालीत. ढमाली. हुलगे खाऊन मी वाळले, आन ही फुगली.”

“खुराचे तुकडे खातात, मावशी.”

“दिसतंय की. रोज?”

“रोज.”

ती बादली खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली. “अगं येडे,” ती म्हणाली, “घोडी बिचारी खाऊन-पिऊन पायाखाली जे काय जमा करती, ते तू रोज सकाळी कुत्र्यांना घालतीस. मग तिच्या पायात राहतंय काय? तुझ्या कौतुकाचं पाणी?” मग बादली उचलून चालू लागली. चार पावलं गेल्यावर वळून म्हणाली, “माझ्या तव्याचं बी तू तेच केलतंस.”

माझ्या हातात चाकू तसाच राहिला. कुत्री वाट बघत होती. मी चाकू मिटला आणि मावशीमागं जाऊन तिच्या हातात दिला. म्हटलं, कुठंही ठेव, मी मागितला तरी देऊ नकोस. तिनं तो ज्वारीच्या डब्यात तळाशी घातला. त्यानंतरचे दिवस तासण्याच्या दिवसांपेक्षा कठीण गेले. सकाळ झाली की हात शिवशिवायचे. तळवा मळकट होत चालला, मग तपकिरी, मग त्याच्यावर साल चढल्यासारखी दिसायला लागली. कडा आपोआप तुटून, झिजून गोल व्हायला लागल्या, पण ओबडधोबड, जुन्या पाट्यासारख्या. मला लाज वाटायची. मी खूर उचलून फक्त माती काढायची आणि कुणी बघायच्या आत खाली ठेवायची. पाऊस संपून उन्हं तापली तशी जमीन वाळली आणि खूरही वाळला. लिंबूला रोज हातात धरून मी चालवायची. आधी मातीवर, मग डांबरावर, मग खडीच्या कडेकडेनं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात कधीतरी तिनं खडीवर पाय टाकला आणि मान वर उचलली नाही. मी कुणाला सांगितलं नाही. सुखाची बातमी सांगितली की ती परत घेतली जाते, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

मॅडमना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण त्यांना नवं सत्य सापडलं होतं: माणसानं जनावरावर बसणंच वाईट. त्यांनी सायकल घेतली. दिवाळीत आबांना फोन आला, लिबर्टीसाठी चांगलं घर बघा. आबांनी बघितलं. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ते वरातीवाल्या एका शेठला घेऊन आले. लग्नसराई तोंडावर, त्याला काळी, दिसायला उंच, न बुजणारी घोडी पाहिजे होती.

काका उठून फाटकाशी आले. त्यांना त्यांची तारीख आठवत होती, मलाही. मावशी कणकेच्या हातानं दारात उभी राहिली. आबा म्हणाले, “यमुने, चालव बघू. शेठना चाल दाखव.”

मी लगाम धरला. मी तिच्याकडं बघितलं नाही, पुढं टाकीकडं बघत राहिले आणि फक्त आवाज ऐकला. नालेचा टाक-टाक नव्हता. खडी दबल्याचा कर्र, कर्र, कर्र, एका लयीत. चार पायांचं माप सारखं. अर्ध्या वाटेवर ती थांबली. तिनं मान वळवून खडीतून उगवलेलं गवताचं पातं तोडलं, चावलं आणि पुन्हा चालायला लागली. टाकीशी गेलो, वळलो, परत आलो. शेठ म्हणाला, “चाल तर मस्त आहे.”

काका पुढं झाले. लिंबूचा पुढचा पाय उचलून मांडीवर घेतला. तळवा बघितला. बराच वेळ बघितला. अंगठा टेकवला, दाबला, मग अंगठ्याचं नख लावून पाहिलं. काहीच दबलं नाही.

“श्शी,” काका म्हणाले. “असला घाणेरडा खूर आमच्या घरातनं कधी बाहेर गेला न्हाय.”

त्यांचा हात खिशात गेला. त्यांचा चाकू बाहेर आला, उघडला. त्यात राग नव्हता. साठ वर्षांची सवय होती, त्यांची आणि त्यांच्या बापाची. पातं तळव्याला लागणार तोच मी त्यांचं मनगट धरलं. काकांना मी त्याआधी कधी हातही लावला नव्हता.

“नको, काका,” मी म्हटलं. “तेच तिचं आहे.”

आबा खोकले नाहीत. शेठ काहीतरी मजा चालल्यासारखा बघत होता. काकांनी माझ्या हाताकडं पाहिलं, मग खुराकडं. मनगट सोडवून घेतलं, चाकू मिटला. “हात धरायला शिकली,” मावशीला उद्देशून म्हणाले. एवढंच. पण खिशात चाकू गेला तो गेला, आणि मला कळलं की परभणीची गाडी त्या दिवशी माझ्याशिवाय जाणार.

मग शेठ म्हणाला, “ठरलं. आता नाल मारून द्या. चौदा तारखेपासून डांबरावर रोज वरात आहे, बँडबरोबर. आणि वाजायला पण पाहिजे ना राव, नवरदेवाची घोडी अशी मुकी चालेल काय?”

मी आबांकडं पाहिलं. आबा शेठकडं बघत होते. मॅडमना फोन लावू म्हटलं तर मॅडम सायकलवर. लिंबू माझ्या खांद्याला तोंड घासत होती. काकांनी आत जाऊन चार नव्या नाला आणल्या, कानस आणली, खिळ्यांचा डबा आणला आणि हातोडा माझ्यापुढं धरला. तोवर नाल मी कधी ठोकली नव्हती. ते काम काकांचं. मी फक्त धरायचं, घासायचं, टोकं मोडायची.

“खूर तुझा,” काका म्हणाले. “खिळा बी तूच मार.”

चेष्टा करत होते की हातोडा देत होते, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. नालबंदाच्या घरात पहिला खिळा मारायला मिळणं म्हणजे घरचं होणं, हे मला कळत होतं. नाही म्हटलं असतं तर? नाही म्हणायचं मी त्या दिवशीचं सगळं मनगटापाशी खर्चून बसले होते. मी पाय मांडीवर घेतला. दीड महिन्यात वाढलेली ती कड कानसीनं सपाट केली, नाल बसेल इतकीच. नाल ठेवली, खिळा लावला, आणि मारला. खिळा आत गेला नाही. वाकला. काकांनी दुसरा पुढं केला. तोही वाकला. शेठ हसला, “काय हो, खूर आहे का दगड?”

काकांनी डब्यात हात घातला नाही. ते बघत होते. तिसरा खिळा मीच उचलला. मला पुण्यात राहायचं होतं.